पत्र्याच्या शेडला सोलर पंखा: पहिल्यांदाच जोडणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न: साहेब, १२ बाय १० फुटांचं पत्र्याचं शेड आहे, आत पन्नासेक कोंबड्या. वीज पोचलेली नाही. दुपारी आत उभं राहवत नाही, आणि पहाटे दार उघडलं की डोळे चुरचुरतात. सोलर पॅनलवर पंखा लावायचा आहे, पण वायरिंगला कधी हात लावलेला नाही. जमेल का?

उत्तर: जमेल. वायर सोलता आली आणि मल्टिमीटरवरचा (व्होल्टेज मोजायच्या मीटरवरचा) आकडा वाचता आला की पुरे. पण तुम्ही विचारलंय पंख्याचं आणि मी सुरुवात करणार आहे भिंतीतल्या भोकापासून. पंखा आतली हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा दुसरीकडून आत यायला वाट नसेल, तर पाती नुसती घुमत राहतात आणि आपण पॅनलला नावं ठेवतो. पंखा वर, छताखाली लावा, कारण तापलेली हवा तिथेच साचते. हवा आत यायची वाट समोरच्या भिंतीत, खालच्या अंगाला ठेवा. ती पंख्याच्या भोकाच्या निदान दुप्पट असावी आणि तिला जाळी हवी. पंख्याच्या शेजारीच जाळीची उघडी बाजू असेल तर तेवढी झाका. नाहीतर पंखा तिथलीच हवा ओढून तिथेच टाकतो आणि खाली कोंबड्या धापा टाकत राहतात.

आता पंखा किती मोठा, ते बघू. शेडची सरासरी उंची ८ फूट धरली तर आत ९६० घनफूट हवा झाली. कॉम्प्युटरमधला १२० मिलिमीटरचा १२ व्होल्ट डीसी पंखा मिनिटाला साधारण ६० ते ८० घनफूट हवा हलवतो, तेही समोर काही आडवं नसताना. म्हणजे शेडमधली हवा एकदा बदलायला चांगली १२ ते १६ मिनिटं. पिल्लांच्या पेटीला किंवा खाद्याच्या खोलीला असा एक पंखा ठीक आहे, तुमच्या शेडला नाही. तसे चार लावा, किंवा १२ इंची डीसी एक्झॉस्ट एकच लावा. शिकण्यासाठी मला चार छोटे बरे वाटतात. एक बंद पडला तरी तीन चालू राहतात.

चार पंखे मिळून १५-१६ वॉट घेतात. पॅनल मात्र ४० वॉटचं घ्या. लेबलवरचे वॉट पॅनलच्या सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. भर उन्हात सेल ६० अंशांपर्यंत तापतात आणि दर अंशाला ताकद साधारण ०.४ टक्क्यानं घटते. वर धूळ बसते ती वेगळीच. उत्तर गोलार्धात पॅनलचं तोंड दक्षिणेला करतात, पण इथे वीज साठवायची नाही आणि उकाडा दुपारनंतरचा आहे, म्हणून मी ते थोडं पश्चिमेला वळवीन. झाडाची एक फांदी पॅनलच्या कोपऱ्यावर सावली धरत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. दोन-चार सेल झाकले गेले तरी ताकद एकदम पडते.

नवखा माणूस हमखास फसतो तो व्होल्टेजला. ‘१२ व्होल्टचं पॅनल’ हे नुसतं नाव आहे. उन्हात, काही न जोडता मीटर लावलात तर २१-२२ व्होल्ट दिसतील. पूर्ण लोडवर १७-१८. मी पहिल्यांदा पंखा थेट पॅनलला जोडला होता. सकाळी मजेत फिरत होता, दुपारी जळका वास आला आणि पंखा कायमचा गप्प झाला. म्हणून मध्ये बक कन्व्हर्टर, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उतरवून ठरवलेलं तेवढंच देणारं सर्किट, हवाच. एलएम २५९६ चिपचं छोटं मॉड्यूल मिळतं. पॅनल त्याच्या ‘इन’ बाजूला जोडा, ‘आऊट’ बाजू मोकळी ठेवून तिथे मीटर लावा आणि वरचा पितळी स्क्रू फिरवत १२ व्होल्टवर आणा. दहा-पंधरा फेरे होईपर्यंत आकडा हलतच नाही, असं पुष्कळदा होतं. घाबरू नका, फिरवत राहा. आकडा बसला की पॅनल झाका आणि मगच पंखे जोडा: चारही लाल ‘प्लस’ला, चारही काळ्या ‘मायनस’ला. उलट जोडले तर हे पंखे उलटे फिरत नाहीत, बिघडू मात्र शकतात. हवा कुठल्या बाजूनं बाहेर पडते तो बाण पंख्याच्या कडेवर असतो. बाण नसेल तर स्टिकरची बाजू बाहेर ठेवा.

वायर तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची घ्या. पिरगाळून टेप गुंडाळलेले जोड शेडमध्ये टिकत नाहीत, विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनिया वायूनं तांबं हिरवं पडतं. डाग द्या (सोल्डर करा), वर इन्सुलेशनची नळी चढवा. सकाळी लवकर पंखे हिसके देतील, सुरू होतील, थांबतील. तो बिघाड नव्हे, ऊन अजून कोवळं आहे.

पहाटे डोळे चुरचुरतात ते ओल्या तुसातून सुटणाऱ्या अमोनियामुळे. त्याला दिवसाचा पंखा पुरणार नाही. पाण्याच्या भांड्यांभोवतीचं भिजलेलं तूस काढा, बाकीचं रोज खालीवर करा. अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या) वर गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. आपलं नाक मात्र वासाला सरावतं, म्हणून शेडमध्ये नेहमी न येणाऱ्या माणसाला विचारा.

प्रश्न: फवारणी पंपाची बॅटरी पडून आहे. रात्री तिच्यावर चालेल का?

उत्तर: एक पंखा चालेल. ०.३ अँपिअरचा पंखा दहा तासांत ३ अँपिअर-तास घेतो. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी धड असेल तर निम्म्याच्या आत भागतं. तिला वेगळं २० वॉटचं पॅनल आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरू न देणारं यंत्र) लागेल. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. आणि बॅटरीच्या प्लसलगत फ्यूज विसरू नका. पॅनल शॉर्ट झालं तरी नेहमीपेक्षा जरासाच जास्त करंट सोडतं, बॅटरी मात्र वायर लालबुंद करते, आणि खाली कोरडं तूस असतं.

प्रश्न: भंगारातला गाडीच्या रेडिएटरचा पंखा वापरू का? वारा जबरदस्त आहे त्याचा.

उत्तर: वारा आहे, पण भूकही तेवढीच आहे. तो १० अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतो. ४० वॉटचं पॅनल साधारण २ अँपिअर देतं, त्यावर तो जागचा हलणार नाही.