मंडळी सोडली, पण तिथे आलेले आत्मिक अनुभव खरे होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घणसोलीतली एक मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा गट, तुम्ही दोन वर्षांपूर्वी सोडली. तिथे तुम्ही अन्य भाषांत बोलत होता, म्हणजे प्रार्थनेत कुणाला न कळणारे शब्द आपोआप तोंडून यायचे, आणि ते पवित्र आत्म्याचं दान मानलं जायचं. एका उपास-प्रार्थनेत अंगभर ऊब पसरली, रडू आवरेना. आता पास्टर म्हणतात, तुम्ही पवित्र आत्म्याला दुखावलंत. भाऊ म्हणतो, सगळं ब्रेनवॉशिंग होतं. आणि घरी एकट्यानं प्रार्थनेला बसलं की जीभ अजूनही तशीच वळते. मग ते काय होतं, आणि आता करायचं काय?

मीही अशाच एका मंडळीतून बाहेर पडले. आमची उपासना ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात भरायची. त्यामुळे ठामपणे सांगते: अनुभव वेगळा काढा, त्याचा लावलेला अर्थ वेगळा काढा. अनुभव तुम्हाला आला, अर्थ पास्टरांनी लावला. तो अर्थ नाकारल्यानं अनुभव खोटा ठरत नाही. आणि अनुभव खरा असला तरी त्यावरून त्यांना तुमच्या आयुष्यावर हक्क मिळत नाही.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. आई हॉस्पिटलात होती त्या दिवसांत मी ठाणे-वाशी लोकलनं कामावर जायचे. एका सकाळी ऐरोली सोडल्यावर, दांडा धरून उभी असताना, मनातली सगळी धास्ती एकदम गेली. आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही. आई बरी होईल असंही वाटलं नाही. जे होईल त्यात मी एकटी नाही, एवढंच अगदी आतून कळलं. रविवारी मी साक्ष दिली, म्हणजे हा अनुभव सगळ्यांसमोर सांगितला. पास्टरांनी माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "प्रभू हिला पूर्णवेळ सेवेला बोलावतोय." पुढच्या आठवड्यात राजीनाम्याची बोलणी सुरू झाली. लोकलमध्ये नोकरीचा विषय कुठेच नव्हता! ती शांती मला मिळाली होती, बोलावणं त्यांनी जोडलं होतं. पण तीच साक्ष पुन्हा पुन्हा द्यायला लावल्यामुळे त्यांचं वाक्य माझ्या आठवणीत असं मिसळलं, की ते वेगळं करायला फार काळ गेला.

म्हणून एक वही घ्या आणि तुमचा तो उपास-प्रार्थनेचा दिवस मंडळीचा एकही शब्द न वापरता लिहा. अभिषेक नको, सामर्थ्य नको, सोडवणूक नको. कुठे बसला होता, पोटात किती वेळ अन्न नव्हतं, रात्रीचे किती वाजले होते, कीबोर्ड एकाच सुरात किती वेळ चालू होता, शेजारी कोण रडत होतं, आणि त्या आठवड्यात तुमच्या घरी काय चाललं होतं. असं लिहिताना काही गोष्टी आपोआप गळतात. आमच्याकडे अन्य भाषा येत नसलेल्यांना पुढे बोलावून "हालेलूया" भराभर म्हणायला लावत. जीभ अडखळली की "मिळालं, मिळालं!" असा गजर व्हायचा. पास्टरांना कुणाच्या घरातलं भांडण "आत्म्यानं दाखवलं" की सगळे थरारून जायचे. पण घरसभेची ताई दर आठवड्याला प्रत्येक घराची हकिगत त्यांना फोनवर सांगायची. या गोष्टींना देवाचं नाव देण्याची काहीच गरज नाही. मात्र ते सगळं गळून गेल्यावरही काही उरलं, तर भाऊ म्हणतो म्हणून ते फेकू नका.

मेंदूचा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानं माझी भीती कमी झाली. अमेरिकेत मेंदूचे अभ्यासक अँड्र्यू न्यूबर्ग यांनी अन्य भाषांत प्रार्थना करणाऱ्या पाच स्त्रियांच्या मेंदूचं स्कॅन केलं; तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. गाताना दिसलेल्या स्थितीच्या तुलनेत त्या वेळी कपाळामागच्या, ताबा ठेवणाऱ्या भागातली हालचाल कमी झालेली दिसली. "मी बोलत नाही, माझ्यातून बोललं जातंय" असं वाटणं त्याला धरूनच आहे. म्हणजे ती माणसं सोंग करत नव्हती. पण स्कॅनमधून बोलवता धनी कोण हे कळत नाही, आणि पास्टरांचं ऐकावं हे तर मुळीच कळत नाही.

शिवाय चमत्कारानं माणसाची पत ठरते, असं बायबलही म्हणत नाही. मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशूच्या नावानं संदेश देणारे, भुतं काढणारे लोक येतात, आणि तो म्हणतो की मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही. "माझ्या अभिषिक्तांना (देवानं निवडलेल्यांना) हात लावू नका" हे वचन तुम्हालाही ऐकवलं असेलच. स्तोत्र १०५ पूर्ण वाचा. तिथे देव राजांना दटावतोय, आणि ज्यांना वाचवतोय ते मूठभर, परदेशी, गावोगाव भटकणारे लोक आहेत. ते वचन दुबळ्यांच्या रक्षणासाठी आहे. माईक हातात असलेल्या माणसानं प्रश्न विचारणाऱ्यांवर ते उगारावं, याचा मला आजही संताप येतो.

आपल्याच मराठी ख्रिस्ती परंपरेत तुमच्यासारखी माणसं होऊन गेली आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. ज्या मठातल्या भगिनींनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. इथल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं तसंच मानेवर घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि त्याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आत्मिक जागृतीची लाट आली, मुली तासन् तास रडत प्रार्थना करत होत्या. स्वतंत्र बुद्धी आणि उत्कट अनुभव एकाच बाईच्या आयुष्यात नांदले. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ताला सोडलं नाही. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली.

तुम्ही ख्रिस्ताला धरून राहावं, असा माझा आग्रह नाही. त्या अनुभवाचा अर्थ लगेच ठरवून कुणाच्या हाती देऊ नका, एवढाच आहे. भावाच्या नको, नव्या चर्चच्या नको, माझ्याही नको. मी कधीकधी मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसते. कुणी नाव विचारत नाही, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) मागत नाही. तेवढं मला पुरतं.

झोप उडाली असेल, शापाच्या भीतीनं छाती धडधडत असेल किंवा आवाज आज्ञा देत असतील, तर वाट पाहू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाकडे गेलात तर पहिल्याच भेटीत सांगा, की देव आहे की नाही हे ठरवायला आलेले नाही, भीती कमी करायला आलेय.

आता जीभ वळण्याबद्दल. वर्षानुवर्षांची सवय आहे, प्रार्थनेला बसलं की ती जागी होणारच. त्यात सैतान नाही, आणि परत जाण्याचा इशाराही नाही. बायबलमधल्या पत्रात पौल करिंथकरांना लिहितो, की संदेष्ट्यांचे (देवाचा संदेश सांगणाऱ्यांचे) आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. म्हणजे थांबणं तुमच्या हातात आहे. मध्येच थांबून बघा, मराठीत एक साधं वाक्य बोला, मग वाटलं तर पुन्हा सुरू करा. मंडळीत थांबायची परवानगी नव्हती, घरी आहे.