"करून राहिली"ला भाषामिश्रण म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका एमएच्या विद्यार्थिनीनं राजकीय चर्चांची रेकॉर्डिंग ऐकून उतरवून घेतली आहेत, त्यातलं भाषामिश्रण गुणात्मक आशय-विश्लेषणानं (म्हणजे मजकूर अर्थानुसार वर्गांत लावून) तपासायचं आहे, आणि गाडी या वाक्यावर अडली: "सरकार शेतकऱ्यांना इग्नोर करून राहिली आहे." सरकार फारसी, इग्नोर इंग्रजी, करून राहिली हिंदी, म्हणजे तीन ठिकाणी मिश्रण धरायचं का?

ताई, माझ्या मते दोनच ठिकाणी, आणि त्यातली एक जागा तुमच्या यादीत नाहीच.

सरकार आधी बाजूला काढा. कायदा, अर्ज, वकील, जमीन हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेत पण बोलणारा काही दुसऱ्या भाषेत शिरत नाही, मूळ कुठलं हा कोशाचा प्रश्न झाला. इग्नोर धरा. आता राहिलं "करून राहिली". पुण्याच्या माणसाला ते "कर रही है"चं भाषांतर वाटेल, पण "मी जेवून राहिलो", "तू काय करून राहिला" ही नागपुरी-वऱ्हाडी मराठीची रोजची रचना आहे, हिंदी अजिबात न येणारी म्हातारी माणसंही असंच बोलतात. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होतं, हिंदीचा शेजार पिढ्यानपिढ्यांचा, त्यामुळे रचना सारख्या दिसतात हे खरंच, पण आपल्या मायबोलीलाच मिश्रण म्हणून मोजलं तर नागपूरचा प्रत्येक वक्ता पहिल्याच वाक्यात "मिश्र" ठरेल आणि अभ्यास तिथंच वाकडा होईल. खरी गंमत त्या "ली"त आहे! मराठीत सरकार नपुंसकलिंगी, म्हणजे "करून राहिलं" व्हायला हवं, हिंदीत मात्र सरकार स्त्रीलिंगी. हिंदी आली ती त्या लिंगातून, हे नक्की नोंदवा.

विभक्तीची कसोटी लावू का, म्हणजे परक्या शब्दाला मराठी प्रत्यय लागला की तो आपला झाला असं धरू का, असं पण विचारलंय. भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी १९८० मध्ये मांडलं की परका शब्द उच्चारानं आपल्या भाषेत मुरला नसेल तर त्याला प्रत्यय जोडून मध्येच भाषा बदलत नाही. मराठीत ही कसोटी एकटी पुरत नाही, कारण आपण कालच ऐकलेल्या शब्दालाही "ला", "त", "नी" चिकटवतो. "बँकेत", "फायली" हे पूर्ण आपले झालेत, "नॅरेटिव्हला" अजून नाही, पण प्रत्यय तर दोन्हीकडे आहे. म्हणून मी दुसरं बघतो, की त्या माणसापुढे पर्याय होता का. माइक, टीव्ही, जीआर यांना बोलताना पर्याय कोणी शोधतच नाही, सोडून द्या. पण "अनुशेष", म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, हा शब्द घ्या. राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या वि. म. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल आल्यापासून तो विदर्भाच्या राजकारणात पक्का मुरलाय, सगळ्या नेत्यांना येतो, तरी एखादा नेता तो सोडून "विदर्भाचा बॅकलॉग" म्हणतो तेव्हा ती निवड असते. समोर कोण होतं, आधीच्या माणसानं कोणता शब्द वापरला होता, तोच नेता गावच्या सभेत काय म्हणतो, हे सगळं त्या नोंदीजवळ लिहा.

म्हणूनच एकेक शब्द सुटा मोजू नका, एका माणसाचं एका वेळचं पूर्ण बोलणं हे एकक धरा. गुणात्मक आशय-विश्लेषणाच्या फिलिप मायरिंग यांच्या पद्धतीत प्रत्येक वर्गाला व्याख्या, एक नमुना-वाक्य आणि "इथे धरायचं, इथे नाही" असा नियम लागतो, आणि थोडा मजकूर तपासून झाला की वर्ग पुन्हा दुरुस्त करायचे असतात. ही दुरुस्ती लोक टाळतात, तुम्ही टाळू नका. दुसरा तपासणारा शक्यतो विदर्भाबाहेरचा घ्या, तुमचं जिथे जुळणार नाही त्या जागा सगळ्यात कामाच्या.

वर्ग मात्र "इंग्रजी शब्द", "हिंदी शब्द" असे नकोत, त्यानं हाती यादीच लागते. भाषा बदलून काय काम साधलं ते विचारा. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी १९८२ मध्ये अशी कामं सांगितली आहेत: दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगणं, ऐकणारा बदलणं, तीच गोष्ट पुन्हा म्हणणं वगैरे. समजा कोणी म्हणालं, "हे आम्ही खपवून घेणार नाही, बिल्कुल बर्दाश्त नहीं करेंगे", तर अर्थ तोच आहे, पण दुसरं वाक्य बहुतेक दिल्लीच्या चॅनलसाठी आहे. ते ठरवायला बोलताना तोंड कोणाकडे होतं ते बघावं लागेल, म्हणून नुसता ऑडिओ असेल तर शक्य तिथे व्हिडिओ मिळवा, आणि पेपरातली बातमी तर या कामाला घेऊच नका, तिथे वाक्यं आधीच प्रमाण मराठीत बसवलेली असतात.