मुकादमी, लालफीत आणि नाचणारे घोडे

प्रश्न कुपवाड एमआयडीसीतल्या एका वाचकाचा आहे. त्यांच्या कारखान्यात स्टोअरमधून ड्रिलचं एक बिट काढायचं तर इंडेंटवर पाच सह्या लागतात. सोमवारी रिव्ह्यू मीटिंग असते आणि तिची तयारी झाली का हे बघायला शनिवारी दुसरी मीटिंग. कंपनीच्या गणपतीत यावर छोटं प्रहसन बसवायचं ठरलंय. ते विचारतात, या कारभाराला ‘लालफीतशाही’ म्हणावं की ‘सूक्ष्म व्यवस्थापन’? आणि ‘कागदी घोडे नाचवणे’ इथे बसेल का?

‘सूक्ष्म व्यवस्थापन’ आधी बाद करा. तासगाव-पलूसकडच्या माणसाच्या कानावर ‘सूक्ष्म’ पडलं की पुढे ‘सिंचन’ किंवा ‘अन्नद्रव्य’ येणार हे त्याने धरलेलंच असतं. स्टेजवरचा साहेब ‘मी सूक्ष्म व्यवस्थापन करतो’ म्हणाला, तर ठिबकचं अनुदान कधी जमा होणार, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारेल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या सांगलीत एवढा पडेल शब्द स्टेजवर नको.

तुम्हाला हवा असलेला शब्द शेजारच्या उसाच्या फडातच आहे: मुकादमी. मूळ अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे केलेला, अग्रभागी असलेला. जुन्या मराठी कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. तिथून हा मान घसरत रस्त्याच्या कामावर, सफाई खात्यात देखरेख करणाऱ्यापर्यंत आला. आपल्या ऊसपट्ट्यात उचल घेऊन तोडणीची टोळी आणतो तो मुकादम, आणि टोळी मोजायची कोयत्यात. नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. ‘नुसती मुकादमी करतोय’ असं आपण म्हणतो तेव्हा स्वतः काडीला हात न लावता दुसऱ्याच्या डोक्यावर उभा राहणारा माणूस लगेच दिसतो. खऱ्या मुकादमावर यात थोडा अन्यायच होतो. टोळी पळाली तर उचल त्याच्या अंगावर येते. तुमच्या साहेबाच्या अंगावर फार तर पुढची मीटिंग येते. प्रहसनात एकानं विचारावं, ‘डिपार्टमेंटला माणसं किती?’ आणि दुसऱ्यानं सांगावं, ‘कोयते दोन, मुकादम सात.’ या भागात याचा अर्थ सांगत बसावं लागणार नाही.

‘लालफीत’ चुकीचा नाही, पण तो वर्तमानपत्राच्या मथळ्याचा शब्द आहे. विलायतेत कागद तांबड्या फितीने बांधायचे, त्यावरून इंग्रजीत वाक्प्रचार झाला आणि आपण तो उचलून मराठीत आणला. आपल्याकडे जुने कागद फडक्यात बांधत आणि त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. मला विचाराल तर ‘रुमालशाही’ जास्त घरचा वाटला असता, पण आता उशीर झाला. लिहिताना एवढं सांभाळा: मूळ शब्द ‘लालफीत’, प्रत्यय लागला की फी ऱ्हस्व, म्हणून ‘लालफितीचा कारभार’, ‘शाही’ जोडताना मात्र सामान्यरूप होत नाही, म्हणून ‘लालफीतशाही’.

त्यापेक्षा ‘दप्तरदिरंगाई’ घ्या. दप्तर फारसीतून आलेलं, दिरंगाईतला ‘दिरंग’ही फारसीच, आणि जोडशब्द पक्का मराठी. सरकारलाही हा आजार माहीत आहे. त्यावरच्या कायद्याचं नाव असं: ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’. विलंब थांबवायला निघालेल्या कायद्याचं नाव घेतानाच दम लागतो, म्हणून लोकांनी त्याला ‘दप्तरदिरंगाई कायदा’ करून टाकलं. एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं त्यात म्हटलंय. तुमच्या खासगी कारखान्याला तो लागू नाही. ड्रिलचं बिट निवांत पडून राहू शकतं.

आता घोडे. हिंदीत कागदी घोडे दौडवतात, आपण नाचवतो. हा फरक मला फार आवडतो. दौडणारं घोडं निदान कुठेतरी पोचतं. वरातीत हलगीवर नाचणारं घोडं पाहिलंय ना? पाय सारखे हलतात, धुरळा उडतो, लोक शिट्ट्या मारतात आणि घोडं तिथंच. इमेल, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र, सगळ्यांना कॉपी, या साऱ्याला याहून नेमका वाक्प्रचार मराठीत नाही, तेव्हा बिनधास्त वापरा. फक्त काम एका टेबलावर अडलं असेल तर घोडा बदलतो: तिथे ‘घोडं पेंड खातंय’. नाचणारं आणि पेंड खाणारं घोडं एकाच वाक्यात जुंपू नका.

शेऱ्यांचाही प्रहसनात उपयोग होईल. ‘अवलोकनार्थ सादर’, ‘तपासून फेरसादर करावे’, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’, आणि सगळ्यांचा राजा ‘चर्चा करा’. यातल्या एकाही शेऱ्यात हो नाही आणि नाहीही नाही. चार पात्रांनी हे चार शेरे आळीपाळीने, गंभीर चेहऱ्यानं म्हटले तरी पाच मिनिटं सहज निघतील.

म्हणींपैकी ‘नाकापेक्षा मोती जड’ आणि ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ या दोन्ही बसतात. बिटाच्या किमतीपेक्षा सह्यांचा खर्च जास्त, तेव्हा दुसरी अधिक बोचेल.

‘बारभाईचा कारभार’ म्हणायचा मोह होईल, कारण मालक अनेक आणि जबाबदार कुणीच नाही, असा त्याचा रूढ अर्थ आहे. पण तुमचे साहेब इतिहास वाचणारे असतील तर जपून. नारायणरावांच्या खुनानंतर एकत्र आलेल्या बारभाईंनी १७७४ साली दीड महिन्याचंही नसलेलं बाळ पेशवेपदावर बसवलं, त्यासाठी साताऱ्याहून छत्रपतींकडून रीतसर वस्त्रं आणवली आणि राघोबादादांना बाजूला ठेवून राज्य चालवून दाखवलं. तेव्हा साहेब तुमचा टोमणा प्रशस्तिपत्र समजून घेतील आणि त्यावर सोमवारी एक मीटिंग लावतील.