आधी हातात काय आहे ते सांग

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

काल तू फोनमधली यादी वाचून दाखवलीस. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी मॉडेलिंग, डिजिटल पेंटिंग, म्युझिक प्रॉडक्शन, पायथन आणि शेवटी "काहीतरी एआयमधलं". प्रत्येकाचे चार-पाच धडे यूट्यूबवर बघितलेस आणि दर वेळी आठवड्याच्या आत सोडून दिलेस. बाबांनी एवढा महागाचा कॉम्प्युटर घेतला, भाऊ त्यावर रात्र रात्र गेम खेळतो, तुला गेममध्ये रस नाही, दुसरं काही टिकत नाही. म्हणून तू स्वतःला आळशी ठरवून मोकळी झालीस. बोलताना डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या. रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तू आळशी नाहीस. तुझ्या यादीत सगळी नावं अवजारांची आहेत, एवढंच झालंय. सुताराकडे जाऊन कोणी "मला रंधा मारायला शिकवा" म्हणालं, तर तो आधी विचारेल, बाई, करायचं काय आहे? पाट की देव्हारा? तुझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, म्हणून प्रत्येक रंधा चार दिवसांत जड झाला. कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी हातात काहीतरी लागतं. जुनी वही, फोटो, एखादं घरातलं भांडण, एखादी न सुटलेली शंका, काहीही चालेल. पण ते मशीनच्या बाहेरचं असलं पाहिजे आणि तुझं असलं पाहिजे. आधी हातात काय आहे ते सांग, सॉफ्टवेअरचं मग बघू. हेच मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

आणि हातात काय आहे, ते तू चपला घालता घालता सांगून गेलीस! आजीचे भाऊ अमेरिकेत गेले तेव्हा फोन परवडायचा नाही, म्हणून दोन्ही घरची माणसं कॅसेटमध्ये बोलून त्या पोस्टाने पाठवायची. त्या कॅसेटींचा खोका माळ्यावर आहे आणि दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात जाणार. तुझी रिक्षा खाली थांबली होती, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता सांगते. तो खोका आजच्या आज खाली उतरव आणि तुझ्या खोलीत ठेव. एकही कॅसेट घराबाहेर जाता कामा नये.

एवढी घाई का, तर ऐक. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा एक पत्र्याची पेटी भरून मोडीतले कागद होते. पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्या काळचे. घरात मोडी वाचणारं कोणी उरलं नव्हतं. ज्यांच्या वाट्याला ती खोली आली त्यांनी पेटी पत्र्याच्या भावात दिली आणि कागद रद्दीच्या भावात. मला कळलं तोवर सगळं गेलं होतं. आज युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांची अक्षरं ओळखायच्या एकाच पद्धतीत, २०१४ पासून मोडीला जागा आहे, मोडीचे फाँट फुकट मिळतात, घरबसल्या स्कॅन मोठा करून एकेक अक्षर लावत बसता येतं. सलग लिहिलेली ओळ, शब्द कुठे तुटतो ते आपण ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. काय सुंदर उद्योग झाला असता माझ्या म्हातारपणाचा! अवजार आलं, पण कागद राहिले नाहीत. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांना बोलावून ज्या राज्यात गावोगाव ग्रंथालयं काढली, पेट्यांत घालून पुस्तकं खेड्यांत फिरवली, त्याच बडोद्यात घरोघरचे कागद असे जातात. याचा मला अजून राग येतो.

रावपुऱ्यात आमच्या ओळखीचे एक काका होते. त्यांच्या मेव्हण्यांनी लंडनहून सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम नावाचा छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. १९८२ साली निघालेलं यंत्र, रबरी बटणं, ४८ केबी मेमरी आणि पडदा म्हणून घरचाच टीव्ही. मुलं त्यावर गेम खेळायची. जेवणं झाली की काका मुलांना उठवून स्वतः बसायचे आणि तिथी काढायचे. त्यांच्या घरी दरवर्षी एकादशी आज की उद्या यावरून वाद व्हायचा, तो त्यांना स्वतः हिशोब करून मिटवायचा होता. चंद्र सूर्याच्या आणखी १२ अंश पुढे सरकला की तिथी बदलते आणि सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते बघायचं, एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. उत्तर दाते पंचांगाशी ताडून बघायचे, फरक पडायचा. चंद्र एकसारख्या वेगाने चालत नाही, त्याच्या गतीला दुरुस्त्या द्याव्या लागतात. एक दुरुस्ती सूत्रात घातली की फरक कमी व्हायचा, मग पुढची. प्रोग्रॅम साठवायचा तो साध्या गाण्याच्या कॅसेटवर. बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा ते एकादशीपुरती शिकले. "कोडिंग शिका" म्हणून कोणी त्यांच्या मागे लागलं असतं तर ते उठून गेले असते. त्यांच्या हातात वाद होता, म्हणून भाषा आली.

माझ्या हातात वडिलांच्या पावसाच्या वह्या होत्या. ते शाळामास्तर. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलेला, रोज सकाळी ८.३० वाजता, हवामान खात्याची वेळ तीच, पाणी मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचे. आधी इंचांत, नंतर मिलिमीटरमध्ये. समासात दोन-चार शब्द. "विश्वामित्री नदी भरून वाहते." "कमाटी बागेपाशी मगर दिसली म्हणतात." ते गेल्यावर नव्वदच्या दशकात मी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला आणि बँकेतून आल्यावर रोज एक पान भरायला लागले.

एका पानावर काहीतरी सांडलं होतं. तपकिरी डागाखाली १ आहे की ९, कळेना. इंचांतला आकडा! १ म्हणजे अंगण ओलं, ९ म्हणजे घरात पाणी. किती वर्षं तो रकाना मी रिकामा ठेवला. पुढे स्कॅनर आला तेव्हा ते पान ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केलं आणि जिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे केले. तपकिरी डाग लाल थरात फिका पडतो आणि निळी शाई त्याच थरात काळीकुट्ट होते. डाग जवळजवळ नाहीसा झाला आणि ९ चा आकडा स्वच्छ दिसला. मी जिंप शिकले ती त्या एका आकड्यासाठी. आज लग्नातले जुने फोटो घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात, कुठे क्लास केलात? क्लास कुठला! हातात वही होती.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या घरात गेली, तेव्हा जो तो म्हणत होता की असं पाणी कधी पाहिलं नाही. मी वह्यांवरून गल्लीतल्या पोरांना दाखवलं, पूर्वी कुठल्या साली पाणी आमच्या कितव्या पायरीला लागलं होतं. पोरं पायऱ्या मोजत उभी राहिली. ते मला कुठल्याही पगारापेक्षा मोठं वाटलं, आणि हे मी मनापासून सांगते. बँकेतल्या माझ्या बरोबरीच्या बायका परीक्षा देऊन ऑफिसर झाल्या. मला विचारायच्या, या पावसाचं तू करणार काय? घरचेही विचारायचे. मी उत्तर देत नसे, आता देते. काही करायचं नव्हतं. माझ्या वडिलांनी रोज सकाळी गच्चीवर जाऊन जे मोजलं, ते कोणीतरी एकदा नीट वाचायला हवं होतं, आणि ते मीच करू शकत होते. कारण त्यांचा १ आणि ९ या जगात मला जेवढा कळतो तेवढा कोणालाच कळत नाही. तुझ्या आजीचा आवाज तुला जसा कळतो तसाच. तुझ्या यादीतली प्रत्येक गोष्ट हजारो लोक तुझ्यापेक्षा चांगली करतात, हेच तुला खात होतं ना? या खोक्याच्या बाबतीत तुला कोणी मागे टाकू शकत नाही.

एक मात्र राहून गेलं. त्या वह्यांत काही तारखांपुढे वर्तुळात टिंब काढलेलं आहे. पाऊस असलेल्या दिवशीही, नसलेल्या दिवशीही. अमावास्या-पौर्णिमा लावून पाहिली, आईच्या आजारपणाच्या तारखा लावून पाहिल्या, काही जुळत नाही. वडिलांनी एका वाक्यात सांगितलं असतं. तेव्हा नोकरी होती, मुलं लहान होती, वह्या कपाटात होत्या. तुझी आजी आहे, तिची स्मरणशक्ती चांगली आहे आणि ती दुपारी मोकळी असते. कॅसेट ऐकताना शेजारी बसव. कोण बोलतंय, कुठल्या घरात, मागे कोण खोकतंय, ते विचार आणि लिहून ठेव. हे काम सगळ्यात आधी. बाकी सगळं पुढे ढकललंस तरी चालेल.

आता कामाचं. कॅसेट लगेच वाजवायची नाही. मागच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या आधी तोडून टाक, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मधल्या फटीत पत्र्याच्या पातळ पट्टीवर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, चौकोनी तुकडा चिकटवलेला असतो, तो जागेवर आहे का बघ. जुन्या कॅसेटींत तो गळून पडतो आणि आवाज दबका येतो. मग फीत एकदा टोकापर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घे, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली असते ती. डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचं, फितीला टेकणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. तुझ्या कॉम्प्युटरला मागे निळं भोक असेल, ते लाइन-इन. तिथे वायर लाव. ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या ठिकाणी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू दे. वाव्ह फाइल कर, एमपी-थ्री नको. मिनिटाला १० एमबीच्या थोडं वर लागतात, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबीहून जास्त. माझ्या पहिल्या मशीनच्या अख्ख्या हार्ड डिस्कमध्ये ती एक कॅसेट मावली नसती. तुझ्याकडे जागाच जागा आहे, कंजुषी कशाला?

तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो, त्यात पळवाट नाही. तो तास बसून ऐक.

आणि खरखर काढायची घाई करू नकोस, हे हात जोडून सांगते. पहिली फाइल जशी आली तशी ठेव, तिला हात लावू नकोस. काय साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. तू ज्याला खरखर म्हणतेस त्यात कुकरची शिट्टी आहे, मागे लागलेला रेडिओ आहे, खालून गेलेला भाजीवाला आहे. शिवाय त्यातच एक खूण असते. टेपरेकॉर्डर विजेवर लावून बोललं की फितीत बहुधा विजेची बारीक घरघर उतरते. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० ची. ऑडॅसिटीत त्या तुकड्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला आवाज किती जोरात आहे त्याचा आलेख काढ, त्यातला साइझचा आकडा मोठ्यात मोठा ठेव. बडोद्यात बोललेल्या कॅसेटीत उंचवटा ५० किंवा १०० पाशी दिसेल, आजीच्या भावाने तिकडून पाठवलेल्या कॅसेटीत ६० किंवा १२० पाशी. लेबल निघालेली कॅसेट कुठे भरली, ते अशी घरघर सांगते! आणि उंचवटा ५० च्या जागी ५२ वर दिसला, तर फीत जोरात चालते आहे, आजीचा आवाज खरा होता त्याहून वरच्या पट्टीत येतोय. तेवढ्या प्रमाणात वेग कमी करायचा, तोही प्रतीवरच. तुला म्युझिक प्रॉडक्शन शिकायचं होतं ना? या एका खोक्यात ते येईल, आणि सोडून द्यावंसं वाटणार नाही.

नोंदी मराठीत, युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेव. वडिलांच्या समासातल्या ओळी मी आधी त्या काळच्या एका मराठी फाँटात टाइप केल्या होत्या. मशीन बदललं, तो फाँट चालेना, उघडलं की नुसती निरर्थक इंग्रजी अक्षरं. सगळं पुन्हा टाइप केलं. फाइलच्या नावात साल आधी, मग महिना, मग कोण बोलतंय ते. एक प्रत घरी, एक दुसऱ्या डिस्कवर, एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. माझ्याकडे ठेवलीस तरी चालेल.

गेमला माझा विरोध नाही, भावाला खेळू दे. फक्त संध्याकाळचे दोन तास मशीन तुझं, हे घरात ठणकावून सांग. नवा कोर्स घेऊ का, नवं ॲप घेऊ का, असं विचारायला पुन्हा आलीस तर मी चहा देईन आणि तोच प्रश्न विचारेन. हातात काय आहे?

माझा डेक चालू आहे, गेल्या महिन्यात नवा बेल्ट घातला. शनिवारी सकाळी ये. पहिल्या दिवशी आजीच्या कॅसेटी नकोत, सिनेमाच्या गाण्यांची एखादी फाटकीतुटकी आण, आधी तिच्यावर हात बसू दे. डेक रिक्षातून नेताना मांडीवर घ्यावा लागेल. हेड पुसायला अल्कोहोल संपलंय, येताना मेडिकलमधून घेऊन ये, आणि बाटलीवर आयसोप्रोपिल लिहिलंय ना, ते वाचून मगच पैसे दे.

तुझी,
काकू