एमएस आहे, हललं की त्रास होतो. मग व्यायाम करायचा का?

"मॅडम, थोडं चाललं तरी डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं. म्हणजे आजार आतून वाढतोय ना?"

अकोल्याच्या एका शिक्षिकेनं हे विचारलं. वय चाळिशीच्या अलीकडचं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचं निदान झाल्यापासून त्यांनी चालणं जवळजवळ सोडलंच होतं. घरची माणसं मायेची. सासूबाई पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायच्या. "तू बैस, मी करते," हे वाक्य दिवसभर त्यांच्या कानावर पडायचं. एमएस बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतो आणि बहुतेक वेळा २० ते ४० या वयात सुरू होतो. म्हणजे ऐन संसाराच्या दिवसांत. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो.

त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जातो, अंग थोडं तापलं की तो आणखी अडखळतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्येच याची नोंद केली होती. अंग थंड झालं की दिसणं पहिल्यासारखं होतं, नवीन इजा झालेली नसते. पण हालचालीनं आजार वाढतो ही भीती पुढे डॉक्टरांच्याही मनात बसली आणि कित्येक वर्षं एमएसच्या रुग्णांना आरामच सांगितला गेला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचा अभ्यास आला. त्यात रुग्णांनी १५ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, ४० मिनिटं व्यायाम केला. त्यांचा दमसास आणि ताकद वाढली, आजार मात्र बळावला नाही.

हे सगळं सांगून झालं, तरी त्यांचा चेहरा काही खुलला नाही. माहितीनं भीती जात नाही, हे माझं रोजचंच आहे. म्हणून त्यांना एक वही ठेवायला सांगितली: धुकं कधी आलं, तेव्हा काय करत होत्या, पंख्याखाली बसल्यावर किती वेळानं गेलं. बाईंनी शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखले. पुढच्या भेटीत वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "प्रत्येक वेळी गेलंय हो." त्या दिवशी पहिल्यांदा त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

मग खरी गोष्ट बाहेर आली. त्या न्हाणीघरात पडल्या होत्या आणि घरी कुणाला कळू दिलं नव्हतं. तोंडाला साबण लावताना डोळे मिटले आणि तोल गेला. याला कारण आहे. तळपायांची जाणीव कमी झाली की माणूस डोळ्यांच्या आधारानं उभा राहतो, डोळे मिटले की तो आधारही जातो. उपाय साधा होता: अंघोळ स्टुलावर बसून, भिंतीला धरायला दांडा, आणि मागे पट्टा असलेली चप्पल. पण "पडले" हे घरात सांगायला त्यांना दोन भेटी लागल्या. लपवलेल्या पडण्यातूनच बाई घरात कोंडली जाते, असं माझं ठाम मत आहे.

व्यायाम फिजिओथेरपिस्टनं तपासून ठरवले, तो माझा प्रांत नव्हे. जागा मात्र आम्ही दोघींनी निवडली: स्वयंपाकघराचा ओटा. सकाळी ऊन चढायच्या आत, पंखा लावून, मानेवर ओला रुमाल. आधी दोन्ही हातांनी ओटा धरून पाय जुळवून उभं राहायचं, मग एका हातानं, मग नुसती बोटं टेकवून. त्यानंतर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं. मागे खुर्ची ठेवलेलीच, तिच्यावर हळू बसायचं आणि हात न टेकता उठायचं. दमायच्या आधी थांबायचं. हा शेवटचा नियम त्यांना सगळ्यात जड गेला. अंगात जोर आहे त्या दिवशी घरभर कामं उपसायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुण धरायचं, ही बहुतेक जणींची सवय असते.

सासूबाईंनाही एकदा बोलावलं. त्यांची माया अडवायची नव्हती, तिला दुसरं काम द्यायचं होतं. आता पाणी बाई स्वतः उठून घेतात आणि व्यायामाच्या वेळी सासूबाई शेजारी उभ्या राहतात, हात न लावता.

वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर आणि त्याखाली दोन सूचना लिहून घेतल्या आहेत. थंडाव्यात बसूनही त्रास गेला नाही, किंवा नवीन अशक्तपणा, बधिरपणा, अंधुक दिसणं २४ तासांहून जास्त टिकलं, तर व्यायाम थांबवून न्यूरॉलॉजिस्टला फोन करायचा. ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल तर तेही सांगायचं, कारण साध्या संसर्गानंही जुनी लक्षणं उफाळून येतात.

काठीचा विषय अजून चालू आहे. शाळेत काठी घेऊन जायला त्या तयार नाहीत. आठवडी बाजारात मात्र नेतात, कारण तिथल्या गर्दीत धक्के लागतात.