अफवा म्हणजे खोटी बातमी नाही हो!

आर्णीकडच्या एका भावानं विचारलंय, "आमच्या ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर नोटीस आली, 'युद्धाबाबत अफवाह पसरवू नये, कारवाई होईल.' हे अफवाह बरोबर की अफवा? आणि टीव्हीवर तर सगळेच तिसरं महायुद्ध लागलं म्हणून सांगत होते, मग ती बातमी की अफवा?"

पहिल्याचं उत्तर एका ओळीत, मराठीत अफवा. शेवटचा ह हिंदीवाले ठेवतात, आपण तो केव्हाच सोडला, आता नोटिशीतून परत आणायचं काही कारण नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र बसावं लागेल, कारण हा शब्द जिथं तिथं चुकीचा ऐकून ऐकून डोकं उठलंय माझं. खोटं दिसलं की अफवा, मोबाईलवर बनावट व्हिडिओ आला की अफवा, कोणी मुद्दाम थाप मारली तरी अफवाच. शाळेच्या कोशातही एका ओळीत उरकलेलं असतं, अफवा म्हणजे खोटी बातमी. कशावरून? काही नाही, पाठ करा.

मूळ बघा ना जरा. अरबीत तोंडाला म्हणतात फम, आणि त्याचं अनेकवचन अफवाह. म्हणजे तोंडं. बस्स! अफवा म्हणजे तोंडं. चार तोंडांतून आलेली गोष्ट. ती खरी की खोटी हे त्या शब्दाच्या पोटात कुठंच नाही.

आणि खरी मजा पुढं आहे. अरबीत अनेकवचन करायचा एक साचा आहे, शब्दाच्या आधी अ लावायचा आणि शेवटच्या अक्षराच्या आधी आ घुसवायचा. खबर, तिचं अखबार. हाल, त्याचं अहवाल. वलद म्हणजे मूल, त्याचं औलाद, ती आपली अवलाद. सबब म्हणजे कारण, साधन, त्याचं असबाब, जे आपण लग्नाला जाताना ट्रॅक्टरमध्ये चढवतो. त्याच साच्यातून अफवाह निघालंय. म्हणजे सरकारी अहवाल, शहरातला अखबार आणि पानठेल्यावरची अफवा ही तिन्ही सख्खी भावंडं आहेत, एकात हाल, एकात खबरा, एकात तोंडं. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी झोपलो नाही, वही घेऊन असे शब्द शोधत बसलो होतो. आणि मराठीनं हे सगळे शब्द एकवचनी करून टाकले. 'एक अफवा आली' म्हणतो आपण, म्हणजे मुळाप्रमाणे 'एक तोंडं आली'.

आता शुद्धीवाले येतात आणि सांगतात, परका शब्द टाका, किंवदंती म्हणा. अहो पण किंवदंती तरी काय आहे? किम् वदन्ति, काय म्हणतात लोक? वदन्ति हे अनेकवचनच. म्हणजे अरबी माणसानं तोंडं मोजली आणि संस्कृत माणसानं बोलणारे मोजले, दोघांनाही त्यात खूप माणसं दिसली, आणि दोघांनीही खरंखोटं बाजूला ठेवलं. शुद्धीवाल्यांना जो शब्द हाकलायचाय तोच ते दुसऱ्या वेशात घरात घेतात, आणि हे त्यांना दाखवलं की चिडतात.

तर जून २०२५ ची गोष्ट. १३ तारखेला इस्राएलनं इराणवर हल्ला केला, इकडं कपाशी टोबायचे दिवस, आणि दोन दिवसांत आमच्या गावात वाक्य फिरायला लागलं, "तिकडं इरानात लडाई लागली, आता युरिया काही भेटत नाही, आजच दोन बॅगा उचलून घे." बाजारातून निघालं, ऑटोवाल्यानं आणलं, टोबायला जाणाऱ्या बायांनी वावरात नेलं, तिथून कृषी केंद्रासमोर. प्रत्येक तोंडानं काहीतरी लावलं त्याला. एक म्हणे भाव वाढते, तर दुसऱ्यानं तिथंच काटलं, भाव कसा वाढन बे, ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशाची, सरकारनं बांधलेली, महाग होत नाही, गायब होते. तिसरा म्हणे तिकडून गॅस येते. आणि खरंच आहे ते, कतारचा गॅस इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो आणि आपले युरियाचे कारखाने गॅसवर चालतात, त्यातला बराचसा बाहेरून आणलेला. म्हणजे जगाच्या राजकारणाचा आपल्या वावराशी जो खरा धागा आहे तो या लोकांनी तोंडातोंडी शोधून काढला होता, कोणत्या चॅनलवर मी तो ऐकला नाही. तेव्हा होर्मुझ काही बंद पडलं नाही, बारा दिवसांत लढाई थांबली, पण भीती बिनबुडाची नव्हती. ही अफवा. असली, अस्सल. तोंडं मोजा, पन्नास भरतील, आणि त्यात एकमेकांना खोडणारीही आहेत.

आता त्याच्या महिनाभर आधीचं बघा. मे २०२५, पाकिस्तानशी चकमक सुरू, रात्री टीव्ही लावलेला, आणि चॅनलवर दर दोन मिनिटांनी भोंगा. विमान हल्ल्याचा असतो तो, चढत जाणारा, उतरणारा. आमची मोठी माय ओसरीवर पडून होती. भोंगा ऐकला तशी उठली, आधी चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं, मग मला म्हणे, "लाइट बंद कर बे बापू, इमान येऊन रायले." सीमा इथून शेकडो कोस. मी टीव्ही बंद केला तर भोंगा बंद. ती दोन मिनिटं तशीच उभी, हातात तांब्या, मग म्हणाली, "मंग हे हूल कोनं उठोली रे?"

हूल! शब्द मिळाला की नाही? विझलेल्या चुलीजवळ उभ्या राहिलेल्या म्हातारीनं तो दिला, आणि त्या रात्री स्टुडिओत बसलेल्या एकालाही तो सुचला नाही. (१० मे रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण महासंचालनालयानं चॅनलवाल्यांना सांगितलं की कार्यक्रमांत भोंगा वाजवू नका, कारण लोकांना सवय झाली तर खऱ्या भोंग्याला ते दाद देणार नाहीत. चांगलं केलं. पण नुसती सवय व्हायची काळजी कशाला, जी म्हातारी सवय व्हायच्या आधीच चूल विझवून बसली तिचं काय?)

हूल आणि अफवा यांतला फरक क्रियापदातच आहे, कोश उघडायचीही गरज नाही. हूल देतात. अफवा कोणी देत नाही, ती पसरते. हूल द्यायला देणारा लागतो, त्याला ठाऊक असतं आपण काय करतोय, आणि तुम्ही कुठं पळणार हेही त्यानं ठरवलेलं असतं. नागपूरला एका व्याख्यानानंतर मी हे बोललो तर तिथले एक प्राध्यापक म्हणाले, हूल म्हणजे कबड्डीतली, चढाईवाला डावीकडं दाखवून उजवीकडं वळतो ती, बातमीशी तिचा संबंध नाही. सर, तुम्ही माझंच म्हणणं सांगताय! डावीकडं दाखवायचं आणि उजवीकडं हात मारायचा, बातमीत दुसरं काय होतं हो?

माझं ठाम मत असं आहे की आपल्या वऱ्हाडात हा शब्द पेंढाऱ्यांच्या दिवसांत पक्का झाला. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त केला, त्याआधी वर्षानुवर्षं हा मुलूख पेंढाऱ्यांनी तुडवला. गावोगावच्या मातीच्या गढ्या बघा, अर्ध्या पडलेल्या, पावसात दरवर्षी थोड्या खचतात, त्या अशा दिवसांसाठीच होत्या. पेंढारी आले अशी हूल उठली की लोक गढीत, घरं उघडी, पिकं उभी. मग घरं कोणी साफ केली? दरवेळी पेंढाऱ्यांनीच? नाही, कधी कधी हूल उठवणाऱ्यानंच, आणि तो कोण हे ज्याला त्याला माहीत असणार. हे मी चार ठिकाणी मांडलं, चारही ठिकाणी कागद मागितला. कागद गढीत बसलेल्यांनी लिहायचा की घरं लुटणाऱ्यांनी?

जगातलंही एक उदाहरण घ्या. १० ऑक्टोबर १९९०, अमेरिकेच्या काही खासदारांच्या मानवाधिकार गटासमोर १५ वर्षांची एक कुवेती मुलगी रडत सांगते की इराकी सैनिकांनी दवाखान्यात घुसून तान्ही बाळं काचेच्या पेटीतून काढली आणि थंड फरशीवर टाकली. टीव्हीनं घराघरात नेलं ते. अध्यक्ष बुश यांनी भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितलं. जानेवारी १९९१ ला अमेरिकेचं इराकशी युद्ध लागलं. १९९२ मध्ये बाहेर आलं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची, आणि साक्षीमागं कुवेतच्या बाजूनं पैसे घेऊन काम करणारी जनसंपर्क कंपनी. बाळांच्या गोष्टीला नंतर पुरावा सापडला नाही. याला कोणी अफवा म्हटलं की मला खरंच राग येतो. तोंडं किती होती तिथं? एक. बाकी सगळे कान. पन्नास तोंडं असती तर एखादं तरी म्हणालं असतं, तुह्या बापाचं नाव काय वं पोरी?

म्हणून त्या नोटिशीचं मला लागतं. कारवाई कोणावर होणार, तर पानठेल्यावर चार गोष्टी बोलणाऱ्यावर, ऑटोवाल्यावर, टोबायला जाणाऱ्या बायांवर. म्हणजे तोंडांवर. भोंगा वाजवणाऱ्याला 'अफवा पसरवली' असा सौम्य शब्द, जणू ती आपोआप पसरली.

तर भाऊ, टीव्हीवरचं तिसरं महायुद्ध ही हूल होती. 'हूल देऊ नये' अशी नोटीस निघाली तर ग्रामपंचायतीला म्हणा जिल्ह्याच्या वर पाठवा, गावात तिचं काम नाही. आणि ग्रुपवरच्या त्या नोटिशीतला शेवटचा ह तेवढा आजच काढायला सांगा.