राजवाड्यांतली पौराणिक चित्रं: भक्ती की सत्तेचं प्रदर्शन?

तुम्ही विचारलंय की राजे लोक महालात देवादिकांची चित्रं लावत, ती भक्तीपोटी की सत्ता मिरवायला. मी बडोद्याचा, म्हणून इथल्याच भिंतींवरून सांगतो. दोन्ही कारणं होती. पण चांगल्या पौराणिक चित्रात राजाला त्याची मर्यादाही दाखवलेली असते, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी १८७५ साली पदच्युत केलं आणि कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक येऊन महाराज सयाजीराव झाला. गादी कुणाच्या मर्जीवर आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. १८८८ साली महाराजांनी राजा रविवर्मांना १४ पौराणिक चित्रांचं काम दिलं. रामायण-महाभारत दरबारी थाटात मांडणं म्हणजे आमचा वारसा तुमच्या साम्राज्याहून जुना आहे असं इंग्रजांना ठणकावणं, असं मी मानतो.

आता त्यांतले प्रसंग बघा. ‘कंसमाया’त कंसाच्या हातून निसटलेली मुलगी देवी होऊन वर जाते, राजा खालीच राहतो. शंतनू मत्स्यगंधेपुढे उभा आहे; हस्तिनापूरचा राजा, पण इथे मागणारा तो. द्रौपदीची विटंबना तर भर राजसभेत, थोरामोठ्यांच्या देखत होते. ही चित्रं सत्ताधाऱ्याने स्वतः पैसे मोजून करून घेतली, हे विसरू नका.

माझ्या मते सगळ्यांत खोल अर्थ कीर्तिमंदिरात आहे. गायकवाड घराण्याच्या पूर्वजांचं हे स्मारक. त्याच्या भिंती बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांनी रंगवल्या. त्यातलं एक चित्र गंगावतरण. भगीरथाने गंगा आणली ती पूर्वजांच्या उद्धारासाठी, म्हणजे जागेला याहून शोभणारी कथा नाही. शिवाय गंगा पेलतो शंकर. राजाच्या वाट्याला तप आणि विनवणी. ज्या महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून शहराला पाणी दिलं, त्यांच्या घराण्याच्या स्मारकात ही कथा मला नुसती पुराणातली वाटत नाही.

तिथेच महाभारताचं युद्ध आहे. तलवारीवर उभ्या राहिलेल्या घराण्याला ते साजतंच. पण त्याच वास्तूत मीराबाईचं चरित्रही रंगवलंय: कृष्णासाठी राजघर सोडून गेलेली सून, राजघराण्याच्याच स्मारकात.